सहावे वचन : 'प्रॉमिस कीपर्स'चा पुरुषार्थ आणि काळ्यांचा प्रश्न

माझ्या महाविद्यालयात इतिहास शिकवणारे एक सहकारी ख्रिस्ती आहेत. त्यांचे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका मांगवाड्यातून मिशनच्या शाळेत गेले आणि पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गेल्या वर्षी या सहकाऱ्यांच्या मंडळीतल्या पुरुषांनी रविवारच्या उपासनेनंतर एक वाचनवर्ग सुरू केला. त्यासाठी घेतलेले पुस्तक अमेरिकन, कुणाच्या तरी नातेवाइकाने तिकडून आणलेले. नाव 'सेव्हन प्रॉमिसेस ऑफ अ प्रॉमिस कीपर', प्रसिद्धी १९९४ ची. वचन पाळणाऱ्या पुरुषाची सात वचने. ते माझ्या हाती देताना सहकारी एवढेच म्हणाले, "सर, तुम्ही इंग्रजी शिकवता. वाचा, आणि सहाव्या वचनावर तुमचे मत सांगा. आमच्याकडे सगळे त्या भागाला छान म्हणतात."

मत सांगायला मला तीन महिने लागले. पुस्तक अवघड नाही; दोन बैठकींत संपते. पण एका वाक्यात झटकून टाकावे असे ते नाही, आणि मान डोलवावी असेही नाही. धर्माच्या नावाने पुरुषाला उपदेश करणारे वाङ्मय आपल्याकडे थोडे नाही. त्यातल्या बहुतेकांत पुरुषाला शिकवलेले असते ते इतरांकडून आपला मान कसा राखून घ्यावा हे. इथे पुरुष पुरुषाला बजावतो आहे की बायकोला फसवू नकोस, पोरांना वेळ दे, आपली पापे एखाद्या मित्राजवळ मोकळेपणाने कबूल कर, शब्द दिलास तर तो पाळ. हे वाईट आहे असे कोण म्हणेल? मी तर म्हणणार नाही. ज्या वस्तीत मी वाढलो तिथे असे चार पुरुष असते तर किती घरे उभी राहिली असती, याचा हिशेब मला तोंडपाठ आहे.

या पुस्तकामागची चळवळ आधी समजून घेतली पाहिजे. बिल मॅकार्टनी हे कोलोरॅडो विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. (अमेरिकेत या पदाला जो मान आणि जो पैसा आहे तो आपल्याकडे कुलगुरूंच्याही वाट्याला येत नाही.) १९९० च्या हंगामात त्यांच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले आणि त्याच वर्षी 'प्रॉमिस कीपर्स'ची कल्पना त्यांच्या मनात आली. १९९१ च्या पहिल्या मेळाव्याला चार हजारांवर पुरुष जमले. १९९३ मध्ये पन्नास हजारांनी विद्यापीठाचे मैदान भरून टाकले. १९९६ साली बावीस मैदानांत मिळून अकरा लाखांच्या आसपास पुरुष आले. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी तर वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर लाखो पुरुष गोळा झाले, गुडघ्यांवर बसले, पालथे पडले, एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. बायकांना या मेळाव्यांत जागा नव्हती. पुढच्याच वर्षी प्रवेशमूल्य काढून टाकल्यावर संस्थेला सगळा पगारी नोकरवर्ग कमी करावा लागला, आणि नंतर ती पूर्वीच्या बळाने कधी उभी राहिली नाही. मॅकार्टनी जानेवारी २०२५ मध्ये वारले.

मर्दानी ख्रिस्ती धर्म ही गोष्ट काही मॅकार्टनींनी शोधलेली नाही. इंग्लंडात गेल्याच्या आधल्या शतकात टॉमस ह्यूज आणि चार्ल्स किंग्जली यांच्या लिखाणातून ती रुजली. अमेरिकेत बेसबॉल सोडून उपदेशक झालेल्या बिली संडेने ती गर्दीपुढे नेली. मॅकार्टनींनी तिला मैदान दिले आणि अश्रू दिले. अश्रू ही भर महत्त्वाची आहे. रडू शकणारा पुरुष हा या चळवळीचा नायक आहे.

आता चौथे वचन. प्रेम, संरक्षण आणि शास्त्राची मूल्ये यांच्या आधारे पुरुषाने आपला विवाह आणि आपले कुटुंब बळकट करावे, असे ते सांगते. प्रेम आणि मूल्ये यांच्या मधोमध 'संरक्षण' हा शब्द बसलेला आहे, तिकडे वाचकाचे लक्ष वेधतो. संरक्षण करणारा उभा असतो आणि ज्याचे करायचे तो मागे असतो. याच पुस्तकात टोनी इव्हान्स यांचा लेख आहे. इव्हान्स हे तेव्हा डॅलसचे पाळक होते, स्वतः काळे. घराचे नेतृत्व पुरुषाच्या हातून निसटले आहे, ते त्याने बायकोकडून परत घ्यावे, आणि तसे करताना तिची संमती मागत बसू नये, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. १९९७ च्या मेळाव्याच्या वेळी अमेरिकेतल्या स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेने या चळवळीविरुद्ध आवाज उठवला तो उगाच नव्हे. गुलामीच्या कोड्याने ज्यांच्या आज्या-पणज्यांना नवऱ्यापासून तोडून विकले, त्या समाजातला एक पाळक घरातल्या सत्तेची भाषा इतक्या सहज बोलतो, हे वाचताना मी थांबलो. संतापाने थांबलो असे लिहिणार होतो, पण ते पूर्ण खरे नाही.

कारण मला माझे वडील आठवले. ते साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणताना त्यांनी दारू सोडली ती मरेपर्यंत. दुसऱ्या बाईकडे त्यांनी डोळा वर करून पाहिले नाही. मला शाळेत घातले, फी भरली, माझ्यासाठी मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहिले. मॅकार्टनींच्या कसोटीला ते शंभर टक्के उतरले असते. आणि तरीही माझ्या आईने हंगामाचा पगार कधी हातात घेतला नाही, मुलीला सातवीनंतर घरी बसवायचे की नाही यावर तिला कुणी विचारले नाही. माझी थोरली बहीण सातवीलाच थांबली. वडील वाईट नव्हते, आणि या वाक्यापाशीच माझी अडचण सुरू होते. वाईट पुरुषावर टीका करायला समीक्षक लागत नाही. चांगला पुरुष आपल्या चांगुलपणाच्या आत कुणाला बसवतो आणि कुणाला उंबऱ्यावर ठेवतो, हे पाहायला मात्र पुस्तक नीट उघडून वाचावे लागते. (हा लेख मी लिहितो आहे आणि आतल्या खोलीत माझी पत्नी आपल्या शाळेच्या वह्या तपासून मग स्वयंपाकाला लागली आहे. हेही नोंदवून ठेवतो.)

सहाव्या वचनाकडे मी याच वाटेने आलो. वंशाच्या आणि पंथाच्या भिंती ओलांडून शास्त्राला अभिप्रेत असलेल्या एकतेचे सामर्थ्य दाखवून देण्यास वचन पाळणारा पुरुष बांधलेला आहे, असा त्याचा आशय. १९९६ च्या मेळाव्यांचा विषयच भिंती पाडणे हा होता. व्यासपीठावर काळे वक्ते होते, संस्थेच्या मंडळावर काळे सभासद होते. त्या वर्षी दक्षिणेत काळ्यांची चर्चे जळत होती, तेव्हा त्यांच्यासाठी या संस्थेने निधी गोळा केला. मॅकार्टनींनी आपल्या मनातला बदल सांगितला आहे : डेन्व्हरमध्ये एका काळ्या वकिलाच्या अंत्यविधीला ते गेले, तिथल्या गाण्यातले आणि रडण्यातले दुःख त्यांना पेलवले नाही, आणि त्यांचेही डोळे वाहू लागले. हा अनुभव मी खोटा मानत नाही. गोऱ्या पुरुषांनी भरलेल्या मैदानात उभे राहून वंशवाद हे पाप आहे असे तोंडावर सांगणे, हेही सोपे नव्हते. त्याची किंमत त्यांनी मोजली. १९९६ च्या मेळाव्यांनंतर ज्यांनी तक्रार नोंदवली त्यांपैकी जवळजवळ ४० टक्के लोकांना समेटाचा हा विषयच रुचला नव्हता, आणि १९९७ मध्ये गर्दी ओसरली त्याचे हे एक मोठे कारण असावे, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. तोट्याची कबुली देणारा हा प्रशिक्षक त्याच्या अनुयायांपेक्षा मला मोठा वाटतो.

पण ते ४० टक्के कशावर रागावले होते याचा विचार केला पाहिजे. त्यांच्याकडे कुणी जमीन मागितली नव्हती. नोकरी मागितली नव्हती. आपल्या मुलांच्या शाळेत काळ्यांच्या मुलांना घ्या असेही कुणी म्हटले नव्हते. फक्त मिठी मारा म्हटले होते. एवढेही ज्यांना जड गेले, त्यांच्या विश्वासात काय कमी होते?

या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर मला एमर्सन आणि स्मिथ या दोन समाजशास्त्रज्ञांच्या 'डिव्हायडेड बाय फेथ' या २००० साली निघालेल्या पुस्तकात मिळाले. टेलिफोनवरून दोन हजार लोकांची पाहणी आणि सुमारे दोनशे प्रत्यक्ष मुलाखती यांवर ते आधारलेले आहे. गोरा इव्हँजेलिकल माणूस काळ्याचा द्वेष करतो असे त्यांचे म्हणणे नाही. त्यांचे म्हणणे असे की, त्याच्या धर्माने त्याला जग पाहण्यासाठी जी हत्यारे दिली आहेत ती सगळी एका माणसाच्या मापाची आहेत. पाप एकट्याचे, पश्चात्ताप एकट्याचा, तारण एकट्याचे. त्यामुळे वंशवाद म्हणजे एका वाईट माणसाने दुसऱ्या माणसाशी वाईट वागणे, आणि त्यावर उपाय म्हणजे दोघांची मैत्री. घरांच्या किमती, बँकांची कर्जे, शाळांची हद्द, तुरुंग यांतून जे चालू राहते ते त्याला दिसतच नाही. कुणी दाखवले तर तो म्हणतो, यात माझे पाप कुठे? आपल्याकडचा सुशिक्षित सवर्ण मित्र जेव्हा म्हणतो की मी तर जात मानत नाही, तेव्हा तो नेमके हेच बोलत असतो.

सातही वचने मी पुन्हा काढून वाचली. व्याकरण शिकवण्याची सवय आहे, म्हणून कर्ता शोधत गेलो. प्रत्येक वचनाचा कर्ता एकच, वचन पाळणारा पुरुष. तो देवाचा मान राखतो, मित्र जोडतो, शुद्ध राहतो, घर बांधतो, मंडळीला पैसा आणि वेळ देतो, भिंत ओलांडतो, जगावर प्रभाव टाकतो. बायको, पाळक आणि काळा भाऊ हे सगळे कर्म. यांच्यापैकी कुणी उलट काही मागितले तर काय करायचे, हे एकाही वचनात नाही. आणि सातांच्या मजकुरात 'न्याय' हा शब्द एकदाही येत नाही. आम्ही राजकारणात पडत नाही, असे संस्था सांगत असे. परंतु समलिंगी नागरिकांना कायद्याचे संरक्षण मिळू नये म्हणून १९९२ साली कोलोरॅडोत जी घटनादुरुस्ती पुढे आली, तिच्या प्रचारात मॅकार्टनी होतेच. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सरकारी नोकऱ्यांतले आणि शिक्षणातले काळ्यांसाठीचे व स्त्रियांसाठीचे विशेष प्राधान्य बंद केले. भिंती पाडण्याचे वर्ष ते हेच.

इथे फ्रेडरिक डग्लसकडे वळल्याशिवाय मला राहवत नाही, कारण पुरुषाने आपला विश्वास जगून दाखवावा म्हणजे काय, याचा सर्वांत कठोर नमुना त्याने १८४५ च्या आत्मकथनात मांडला आहे. १८३२ च्या ऑगस्टमध्ये त्याचा मालक थॉमस ऑल्ड एका मेथडिस्ट शिबिराला गेला आणि तिथे त्याने नवा जन्म घेतला. डग्लसला आशा वाटली की आता हा माणूस आपल्या गुलामांना मोकळे करील, निदान दयेने तरी वागेल. ऑल्डने खरोखरच विश्वास जगायला घेतला. सकाळ-दुपार-रात्र प्रार्थना. घर म्हणजे उपदेशकांचा मुक्काम. आणि लहानपणी आगीत पडून जिचे हात निकामी झाले होते अशा एका गुलाम तरुणीला तो बांधून कोड्याने फोडी व समर्थनाला शास्त्रातले वचन म्हणे. गुलामांना अक्षर शिकवण्यासाठी एका गोऱ्या तरुणाने सुरू केलेली रविवारची शाळा उधळली ती याच मंडळीतल्या पुढाऱ्यांनी.

डग्लस याला ढोंग म्हणतो. तो त्याचा अधिकार आहे. ज्याने फटके खाल्ले त्याने कोणता शब्द वापरावा हे मी सांगू नये. पण शिक्षक म्हणून हा उतारा वर्गात वाचताना मला दर वर्षी वाटते की ऑल्ड ढोंगी नसता तर प्रश्न अधिकच भयंकर झाला असता. समजा, त्याने देवाला दिलेला प्रत्येक शब्द मनापासून पाळला. त्या तरुणीला त्याने कोणता शब्द दिला होता? तिच्याशी करार करावा अशी ती त्याच्या दृष्टीने कुणी नव्हतीच. वचन मोडून जेवढे अत्याचार होतात तेवढेच वचन पाळूनही होऊ शकतात, जर वचन घेणाऱ्यांच्या यादीत ज्याच्या पाठीवर वळ उठतात तोच नसेल.

माझे सहकारी म्हणतील, मग तुमच्या मते श्रद्धावंत पुरुषाने वचने घेऊच नयेत काय? तसे मी मुळीच म्हणत नाही. १९६३ च्या वसंतात अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या साथीदारांनी सत्याग्रह केला, तेव्हा प्रत्येक स्वयंसेवकाकडून एका पत्रकावर सही घेतली जाई. त्यावर दहा वचने होती. किंग यांनी ती पुढे आपल्या पुस्तकात छापली. पहिलेच वचन येशूच्या शिकवणुकीचे आणि जीवनाचे रोज चिंतन करण्याचे. प्रार्थना आहे, प्रेमाने चालणे-बोलणे आहे, शरीर आणि मन निरोगी ठेवणे आहे, मुठीची, जिभेची आणि मनाची हिंसा टाळणे आहे. नुसत्या शब्दांकडे पाहिले तर मॅकार्टनींच्या कुठल्याही मेळाव्यात हे पत्रक खपून गेले असते. पण त्यातले दुसरे वचन पाहा. आपल्या चळवळीला विजय नको, न्याय आणि समेट हवा, असे ते सांगते. न्याय आधी, समेट नंतर. एका ओळीतला हा क्रम मला साऱ्या 'सेव्हन प्रॉमिसेस'पेक्षा मोलाचा वाटतो.

या पत्रकावर सही करणाऱ्याला संध्याकाळी घरी जाऊन मिठीची आठवण काढायची नव्हती. त्याला दुकानाच्या काउंटरवर बसायचे होते, कुत्र्यांपुढे आणि पाण्याच्या झोतापुढे उभे राहायचे होते, तुरुंगात जायचे होते. सही करणाऱ्यांत बायका होत्या, पुढे शाळकरी पोरेही रस्त्यावर आली. कुणाचे संरक्षण करायला कुणी पुढे आणि कुणी मागे, अशी रांगच राहिली नाही. गुड फ्रायडेला, १२ एप्रिलला, किंग स्वतः पकडले गेले. तुरुंगातून त्यांनी जे पत्र लिहिले ते आठ गोऱ्या धर्मगुरूंना उद्देशून होते. ते आठही जण चांगले पुरुष होते. त्यांना वंशद्वेष नको होता. फक्त घाई नको होती. उघड शत्रूपेक्षा या सभ्य, शांतताप्रिय माणसाने आपली अधिक निराशा केली, असे किंग यांनी त्यांना सांगितले. 'प्रॉमिस कीपर्स'च्या मैदानात तीस वर्षांनी जे जमले ते याच आठांचे वारसदार होते, असे म्हणणे थोडे कडक होईल. पण खोटे होईल असे मला वाटत नाही.

आपल्या वाचकाला अमेरिकेचे हे सगळे कशासाठी, असे वाटू नये. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना. ते लोक काळ्यांसाठी हळहळले म्हणून नव्हे, गुलामी उठवण्यासाठी त्यांनी कष्ट आणि रक्त खर्ची घातले म्हणून. आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. पँथरने १९७२ मध्ये नाव उचलले तेही तिथल्याच काळ्या पोरांचे. तिथला भला माणूस आणि तिथला लढणारा माणूस या दोघांशी आपला व्यवहार जुना आहे. त्यामुळे तिथल्या भलेपणाची आजची प्रत तपासणे हे आपलेही काम आहे. आणि आपल्या बावीस प्रतिज्ञांनाही हीच कसोटी लावायला मी तयार आहे. त्यांतल्या पुष्कळ प्रतिज्ञा एका व्यवस्थेशी असलेला करार तोडतात, समता प्रस्थापित करण्यासाठी झटण्याचे बंधन घालतात. म्हणून त्यांचे वजन वेगळे. पण माझ्या वडिलांनी त्यांतली दारूची प्रतिज्ञा जशी पाळली तशी समतेची आईच्या बाबतीत पाळली नाही, आणि विहारातल्या कुणीही त्यांना त्याबद्दल विचारले नाही.

हे सगळे मी सहकाऱ्यांना सांगितले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "सर, तुम्ही अमेरिकेतच थांबलात. आमच्या मंडळीत मी हे सहावे वचन कुणाला देऊ?" मला पटकन कळले नाही. त्यांनी सांगितले की त्यांच्या मंडळीत महारांतून आलेली, मांगांतून आलेली आणि दोन-तीन वरच्या जातींतून आलेली घरे आहेत. प्रभुभोजन एकाच प्याल्यातून होते. सोयरिक मात्र आजही आपापल्यात. बाबासाहेबांनी १९३८ साली सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळींपुढे बोलताना मिशनरींना दोष दिला होता की, अस्पृश्याचा बाप्तिस्मा झाला की यांचे काम संपते. त्या भाषणाचा मी उल्लेख केला. ते हसले. म्हणाले, ते आमच्या घरात आजोबांनी कात्रण करून ठेवले आहे.

त्यानंतरच्या रविवारी वाचनवर्गात सहाव्या वचनाची पाळी होती. सहकाऱ्यांनी उभे राहून सरळ विचारले की, या खोलीत बसलेल्या बावीस पुरुषांपैकी कुणाच्या घरी दुसऱ्या वाड्यातली सून आली आहे, किंवा येऊ द्यायची तयारी आहे? कुणी उत्तर दिले नाही. दाराशी चहाचा ट्रे घेऊन पाळकांच्या पत्नी आल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी घड्याळ पाहिले आणि वेळ झाली म्हणून प्रार्थना करू या म्हणाले. पुढच्या रविवारी वर्गाने सातवे वचन वाचायला घेतले.